दोघंच, २६ फुटी बोट आणि कोकण किनारा: जमेल का?

ओहोटीची_वाट

मंडळी, प्रश्न सरळ आहे. नवरा आणि मी, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, पुण्यात राहतो. शीड हाताळायला मुंबई बंदरात रीतसर शिकलो, नंतर मित्रमंडळींच्या बोटींवर हात साफ केला. आता एक जुनी २६ फुटी फायबरची शिडाची बोट विकत मिळतेय. आत छोटं डिझेल इंजिन, झोपायला दोन फळ्या, एक शेगडी बसेल एवढा ओटा. तळाखालचा कणा पाण्यात साधारण सव्वा मीटर उतरतो.

बेत असा: नोव्हेंबर ते मे बोटीवरच राहायचं. खोल समुद्रात जायचं नाही. मुंबईहून गोव्यापर्यंत किनारा धरून, खाडी-खाडीत मुक्काम करत जायचं, वाटलं तर कारवारपर्यंत, आणि तसंच परत. पावसाळ्यात बोट जमिनीवर, आम्ही घरी.

हे जमेल का? नसेल, तर नक्की कुठे अडेल? "स्वप्नं जगा" वगैरे घरचे सगळे म्हणून झालेत. अडचणी सांगा.

चहा_बिस्कूट

समुद्रमार्गे गेलात तर मुंबई-गोवा हायवेच्या आधी पोचाल एवढं नक्की.

कट्टेकरी

+१. आणि खड्डेही नाहीत.

निवृत्त_दर्यावर्दी

मी आयुष्यभर व्यापारी जहाजांवर होतो. आधी एक समजूत डोक्यातून काढा. "खोल समुद्रात जायचं नाही, किनारा धरून जायचं" हे तुम्ही सावधगिरी म्हणून लिहिलंय. जहाजावर आम्हाला धडकी भरते ती किनारा जवळ आला की. भर समुद्रात वारा वाढला तर शीड कमी करून वाहत राहायला चारी बाजूंना पाणी असतं. किनाऱ्यालगत वारा पश्चिमेकडून असेल तर तो तुम्हाला खडकांकडेच ढकलतो, आणि ज्या खाडीत शिरायचं तिच्या तोंडावर वाळू साचलेली. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येतंय आणि समोरून लाटा, अशा वेळी त्या उथळ पट्ट्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. सव्वा मीटरचा कणा तिथे तळाला आपटला की बोट आडवी होते. बाणकोट आणि दाभोळ दोन्हीकडे आत शिरताना वेळ पाहूनच शिरावं लागतं.

म्हणजे जमणार नाही असं नाही. भरती चढत असताना, उजेडी, वारा पडलेला असताना आत शिरायचं. हे तीन जुळत नसेल तर बाहेर थांबायचं किंवा पुढचं बंदर गाठायचं. बरेच लोक फसतात ते "आता अंधार पडेल, घुसूया" म्हणून.

पेठेतला_पोपट

नवऱ्याला शिडं, बायकोला कांदे चिरणं. जुनीच गोष्ट, नवी बोट.

ओहोटीची_वाट

@पोपट, बोट मला हवी आहे. नवरा "बरं" म्हणालाय. कांदे तोच चिरतो.

@दर्यावर्दी, असंच हवं होतं, धन्यवाद. भरतीची वेळ तक्त्यात बघू, पण फोन बंद पडला तर?

हर्णैकर

फोन बंद पडला तर तिथी बघा. आमचे आजोबा तेच करायचे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला-अवसेला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. दिवसाही तीच वेळ आणि रात्रीही जवळपास तीच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण वाळूवर बसण्यापासून वाचवतं. अवस-पुनवेला उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं; अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात कमी. नवख्याने उधाणाच्या ओहोटीत खाडीत खेळ करू नये. आणि भरतीच्या टोकाला तर मुळीच अडकू नये: अवसेच्या भरतीला वर चढून बसलात तर पुढचं तेवढं पाणी यायला पुनव उजाडते.

आता दुसरं, आणि हे जरा कडू लागेल. तुमची सहल ती आमची शेती आहे. मुंबईपासून रायगडपर्यंत डोल जाळी, म्हणजे प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेली, पुढे आमच्याकडे तरंगती जाळी. थर्माकोलचे तुकडे, तेलाचे रिकामे कॅन, एखादी काळी पताका, एवढीच खूण. रात्री कधी दिवा असतो, कधी नसतो. तुमच्या पंख्यात जाळं गुंतलं की तुम्ही म्हणता "इंजिन बंद पडलं, कसली आपत्ती!" आणि चाकूने कापून मोकळे होता. जाळं कितीचं असतं विचारलंय कधी कुणाला?

चहा_बिस्कूट

कितीचं असतं?

हर्णैकर

तुमच्या फोनच्या कितीतरी पट. आणि फोनला हप्ते लागतात तसे जाळ्यालाही लागतात.

ओहोटीची_वाट

हर्णैकर, कडू नाही लागलं. रात्री चालायचं नाही असं ठरवलंच होतं, त्याचं हे कारण मात्र मनात नव्हतं. मग दिवसा दोन खुणांच्या मधून जावं की वळसा घालावा?

हर्णैकर

वळसाच. पताका असलेलं टोक शोधा आणि त्याच्या बाहेरून जा, कितीही लांब वाटलं तरी. आणि गुंतलंच तर इंजिन तिथल्या तिथे बंद, मागे-पुढे झटके देऊ नका, त्याने जास्तच आवळतं. जवळची होडी असेल तिला हात करा. जाळंवाला स्वतः सोडवतो, त्याला माहीत असतं कुठली दोरी कापली तर नुकसान कमी. बंदरात आलात की आधी मच्छीमार सोसायटीत जाऊन विचारा, नांगर कुठे टाकू. आमच्या होड्या पहाटे निघतात, त्यांच्या वाटेत झोपू नका. एवढं केलंत तर संध्याकाळच्या लिलावात मासळी घ्यायला मी स्वतः घेऊन जाईन. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला उत्तरेच्या वाऱ्यात मुक्काम बरा पडतो.

चेसापीककरीण

धागा बघून राहवलं नाही. आम्ही दोघं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३२ फुटी बोटीवर वर्षातला बराच काळ काढतो. ऑक्टोबरात अ‍ॅनापोलिसचा बोटींचा मेळा झाला की थंडीच्या आधी दक्षिणेला, वसंतात परत उत्तरेला. फराळाचे डबे बोटीतच.

आमच्याकडे एक सोय आहे जी तुमच्याकडे नाही. व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून मायामीपर्यंत किनाऱ्याच्या आतून जलमार्ग आहे, सुमारे १,०९० मैलांचा. नद्या, खाड्या आणि खोदलेले कालवे जोडून केलेला. बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आतून चालता येतं. वाटेतले न उघडणारे पूल बहुतेक ६५ फूट उंचीचे, मायामीजवळचा एक ५६ फुटी, म्हणून बोट घेताना लोक आधी डोलकाठी मोजतात. तरी तिथेही वाळू सरकत राहते, नकाशात दाखवलेल्या रेषेवर विसंबून चालणारे रुततातच. आणि जाळ्यांऐवजी खेकड्यांच्या सापळ्यांचे तरंगते गोळे.

पण मला लिहायचं होतं ते दोघांबद्दल.

नांगर टाकताना एकमेकांवर ओरडणारी जोडपी ही बाकीच्या बोटींची संध्याकाळची करमणूक असते. एक जण पुढे नाळेवर, दुसरा मागे सुकाणूवर, मध्ये इंजिनाचा आवाज आणि वारा. "मागे घे" ऐकू येत नाही, मग आवाज चढतो, मग जुनी प्रकरणं निघतात. आम्ही बोलणंच बंद केलं. हाताच्या खुणा ठरवल्या: पुढे, मागे, थांब, डावीकडे, उजवीकडे, नांगर धरला. जोर लागतो ते काम नवरा करतो, म्हणजे नांगर आणि साखळी, सुकाणूवर मी. बहुतेक बोटींवर उलटं दिसतं, पुरुष सुकाणूवर ऐटीत आणि बायको पुढे साखळी ओढतेय. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसरं: एक जण पाण्यात पडला तर दुसऱ्याला त्याला वर घेता येतं का? बोट वळवून जवळ आणणं सरावाने जमतं. पण भिजलेला ८० किलोचा माणूस बाजूवरून वर ओढणं एकट्याने जवळपास अशक्य. पाण्यात खोलवर जाणारी शिडी हवी आणि कप्पी-दोर लावून उचलायची सोय हवी, आणि ती बंदरात शांत पाण्यात करून बघायला हवी. आमचा नियम: दुसरा झोपलेला असताना कुणीही कमरेचा पट्टा बोटीला न अडकवता मागची बैठक सोडायची नाही. लघवीलासुद्धा नाही. विशेषतः लघवीला नाही.

पेठेतला_पोपट

शेवटचं वाक्य फ्रेम करून सगळ्या पुरुषांना भेट द्यायला हवं.

मिठागर

अवांतर: नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ 'तारिणी'वर पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. दोघीच, ५६ फुटी बोट. त्यापुढे मुंबई-गोवा म्हणजे काय!

निवृत्त_दर्यावर्दी

त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं तयारी केली होती, आणि मागे नौदल उभं होतं. शिवाय दक्षिण महासागरात हर्णैकरांची जाळी नव्हती.

हर्णैकर

साहेब, बोलवा त्यांना. जाळी दाखवतो.

अक्षांश_१७

टप्प्यांचा हिशेब कुणी केला नाही म्हणून करतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आणि कोकण किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण, म्हणून नकाशावर नुसते अक्षांश वजा केले तरी अंदाज येतो. मुंबईहून राजपुरीची खाडी ४० मैलांच्या आसपास, लहान बोटीला लांब पडेल. मध्ये रेवदंड्याला थांबता येईल. राजपुरी ते हर्णै ३०. हर्णै ते जयगड ३०. जयगड ते रत्नागिरी १८-२०. रत्नागिरी ते विजयदुर्ग २७. विजयदुर्ग ते देवगड ११-१२. देवगड ते मालवण २०. मालवण ते वेंगुर्ला १५. तिथून पणजी २५-२८. सगळं मिळून सव्वादोनशे मैल. २६ फुटी बोट ताशी ५ मैल चालली तरी प्रत्येक टप्पा उजेडात संपतो.

वाऱ्याचं गणित मात्र एकतर्फी आहे. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून येतो, समुद्र सपाट असतो. सकाळी उशिरा तो पडतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुरू होतो. मार्चनंतर हा दुपारचा वारा चांगलाच जोर धरतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी. परतताना तो तोंडावर, आणि अशा बोटीला तोंडावरच्या वाऱ्यात नागमोडी जावं लागतं. ३० मैलांचे ४५ होतात आणि भांडी फडताळातून खाली येतात. म्हणून परत येताना पहाटे तीन-चारला मतलईवर निघून दुपारी बाराच्या आत नांगर टाकायचा. पण मग अंधार आणि जाळी हा प्रश्न पुन्हा आलाच.

ओहोटीची_वाट

म्हणजे जाणं सोपं, येणं अवघड. हे कुणीच सांगितलं नव्हतं! मे महिन्यात परत यायचा बेत मग चुकीचाच दिसतोय.

रत्नांग्रीकर

मे तर विसराच. तौक्ते वादळ १६-१७ मे २०२१ला इथून गेलं. निसर्ग ३ जून २०२०ला. बोट मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जमिनीवर हवी. आणि "नोव्हेंबरपासून सुरक्षित" हेही कुणी सांगू नये. फयान ११ नोव्हेंबर २००९ला आलं तेव्हा आमच्याकडच्या किती घरांत माणसं परत आली नाहीत. २०१९ला ऑक्टोबर अखेर क्यार, पाठोपाठ महा. ओखी तर डिसेंबरात. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, लोक नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर जातात, पण नारळ वाहिला म्हणून वादळ विचारून येत नाही. वादळाचा इशारा आला की परराज्यातल्या होड्याही देवगड बंदरात आत येऊन बसतात. तुमच्या प्रत्येक टप्प्यावर "इशारा आला तर कुठे शिरायचं" हे आधी ठरलेलं पाहिजे.

गजालीकार

मालवणाक येवा, पण आमच्या बंदरात कोणाक इचारल्याशिवाय आत घुसा नको. सिंधुदुर्गाच्या भोवती खडपां दिसनत नाय, पण आसत. महाराजांनी किल्लो थयसरच कित्याक बांधलो, समाजला?

कट्टेकरी

म्हणजे इंग्रज-पोर्तुगीज अडकावेत म्हणून केलेली सोय पुणेकरांवर चालणार.

साउदम्प्टनचा_सदू

@ओहोटीची_वाट, सव्वा मीटरचा एकच कणा असलेली बोट कोकणासाठी का? इथे इंग्लंडात दोन आखूड कण्यांच्या बोटी मिळतात. ओहोटीला चिखलात दोन पायांवर सरळ उभ्या राहतात, तुम्ही आत चहा पीत बसा, सहा तासांनी तरंगायला लागते. वाऱ्यावर चढायला थोडी सुस्त, पण उथळ खाड्यांसाठी यासारखी बोट नाही. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, गोव्याला दोनेक मीटर, म्हणजे तुमच्या प्रवासाचा उत्तर भाग तर अगदी आमच्यासारखा.

निवृत्त_दर्यावर्दी

सदूशी सहमत, पण अशी बोट इथे मिळणं कठीण आणि बाहेरून आणली तर कस्टमचा खर्च. आहे ती घ्या, खाडीत खोलवर घुसू नका. नांगराचा हिशेब मात्र पक्का हवा. ओहोटीला ३ मीटर पाणी, भरती आणखी ३, नाळेची उंची १. झाले ७. त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी-दोर सोडायचा. नवखे ओहोटीची ३ मीटर बघून १५ सोडतात आणि रात्री भरतीला बोट चालू लागते. आपल्या खाड्यांचा तळ चिखलाचा, नांगर छान धरतो. पण दर सहा तासांनी प्रवाह उलटतो, बोट अर्धं वर्तुळ फिरते, तेवढी मोकळी जागा भोवती हवी.

चेसापीककरीण

आणि पहिली रात्र दोघांनी आळीपाळीने जागायची. नंतर फोनवर नांगराचा गजर लावून झोपता येतं.

तिखट_मीठ

सगळे वारा-पाणी बोलताय. जेवणाचं काय? सव्वीस फुटांत?

चेसापीककरीण

कुकर. बोटीवर कुकरसारखं भांडं नाही: झाकण पक्कं, बोट कलली तरी आमटी सांडत नाही, इंधन कमी. मेतकूट-भात, पिठलं, मुगाची खिचडी. पोळ्या मुक्कामाला असतानाच. पण गॅस जपून. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर खिडकीतून, दारातून वाट मिळते, बोटीत तो तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, तळाशी भोक असलेल्या, आणि वापर झाला की सिलिंडरवरच बंद करायचा. पाणी दोघांना पिण्या-रांधण्यापुरतं रोज आठ-दहा लिटर धरा. आंघोळ समुद्राच्या पाण्याने आणि वरून एक तांब्या गोडं.

पेठेतला_पोपट

पुण्यात आठवड्यातून एक दिवस पाणी बंद असतं तेव्हा आम्ही हेच करतो, बोटीशिवाय.

तिखट_मीठ

आणि उलट्या?

निवृत्त_दर्यावर्दी

निघण्यापूर्वी एक-दोन तास अ‍ॅव्होमिनची गोळी, डॉक्टरांना विचारून. झोप येते, म्हणून दोघांनी एकाच वेळी घेऊ नका. आत वाकून काही करू नका, क्षितिजाकडे बघा, सुकाणू हातात घ्या. माझ्याबरोबरचे जुने खलाशीही पावसाळ्यात पहिले दोन दिवस आलेपाक चघळायचे.

मिठागर

कागदपत्रं? सव्वीस-अकरानंतर किनाऱ्यावर अनोळखी बोट दिसली की विचारपूस होते.

हर्णैकर

होते आणि व्हायलाच हवी. बोटीची नोंद, दोघांची ओळखपत्रं, विमा, सगळं एका वॉटरप्रूफ पिशवीत. मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधी जाऊन या आणि प्रत्येक मुक्कामी सागरी पोलिसांना स्वतःहून सांगा. ते शोधत येण्याआधी तुम्ही गेलात की चहा मिळतो. सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४, हे नंबर सुकाणूजवळ लिहून ठेवा. पण फोनची रेंज किनाऱ्यापासून थोडं लांब गेलं की जाते, म्हणून व्हीएचएफ रेडिओ हवाच, संकटाच्या १६ नंबरच्या चॅनेलवर कान ठेवून. गोव्याच्या खाली कारवारला नौदलाचा तळ आहे, अंजदीव बेटाच्या आसपास फिरकू नका.

बेधडक

मला एक कळत नाही. एवढा खटाटोप कशाला? त्या पैशात दापोलीला घर येईल, समुद्र खिडकीतून दिसेल, कुकरही सरळ उभा राहील.

चेसापीककरीण

बेधडक, प्रश्न रास्त आहे. आमच्याबरोबर निघालेल्यांपैकी बरेच जण दोनेक वर्षांत बोट विकून घर घेतात आणि त्यात काही वाईट नाही. आम्ही का टिकलो? बहुतेक यासाठी की आम्हाला दोघांनाही घाई नाही. वारा उलटा असेल तर आम्ही चार दिवस एकाच खाडीत बसून राहतो, पत्ते खेळतो, गंज घासतो. ज्या जोडप्यांना अमुक तारखेला अमुक गावी पोचायचं असतं ती भांडतात आणि वाईट हवेत निघतात. बोटीवरचे अपघात मला तरी कॅलेंडरामुळे झालेलेच जास्त दिसले.

हर्णैकर

हे खरं. पाहुणे मंडळींना रविवारी घरी पोचायचं असतं.

ओहोटीची_वाट

सगळं वाचून नवऱ्याशी बसले. बेत बदलला आहे.

कारवार रद्द. सात महिने रद्द. डिसेंबरात निघायचं, हवामान बघत मालवणपर्यंत, आणि मार्चचा वारा वाढायच्या आत परत मुंबईत. परतीचे टप्पे पहाटे नाही, उजाडताना सुरू करू आणि वारा चढला की जिथे असू तिथे आडोसा. त्यामुळे येताना दुप्पट मुक्काम धरलेत. परतीची तारीख कुणालाच सांगितलेली नाही, मुलीलासुद्धा नाही, ती चिडलीये. बोट घेण्याआधी कप्पी लावून नवऱ्याला पाण्यातून वर काढून बघणार आहे, तो जमला तर सौदा. हर्णैकर, डिसेंबरात सोसायटीत येते, नांगराची जागा तुम्ही दाखवायची.

हर्णैकर

या. भांगाचा दिवस बघून या.

पेठेतला_पोपट

सगळं ठरलं, पण तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, कोण? बोटीवर दोन तांडेल चालत नाहीत.

ओहोटीची_वाट

तेही ठरलं. सम तारखेला मी, विषम तारखेला तो. ज्याची तारीख त्याचा शब्द शेवटचा, दुसऱ्याने तक्रार नांगर पडल्यावर करायची. "आज निघायचं नाही" हे मात्र कुणीही कधीही म्हणू शकतो.

निवृत्त_दर्यावर्दी

बाई, ३१ नंतर १ येते. सलग दोन दिवस तो. डिसेंबरातही आणि जानेवारीतही.

ओहोटीची_वाट

कृपया हा प्रतिसाद संपादित करा. तो धागा वाचतोय.